चौथा हेडसेट

माझ्या सासऱ्यांना ऐकू येत नाही, या एका गोष्टीच्या जिवावर आम्ही नवराबायको तीन आठवडे निवांत भांडत होतो. ते सोफ्यावर बसून टॅबवर पुण्याचा पेपर वाचायचे आणि आम्ही त्यांच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभं राहून, त्यांच्याचविषयी, साध्या आवाजात वाद घालायचो. मध्येच त्यांनी वर पाहिलं तर दोघंही गोड हसायचो. तेही हसायचे. मग वाद पुढे सुरू.

वाद एकाच गोष्टीचा होता. नवऱ्याचं नागोयातलं पोस्टिंग मार्चमध्ये संपेल आणि आम्ही पुण्याला परत येऊ, असं आम्ही बाबांना सांगून ठेवलं होतं. ते सांगितलं तेव्हा खरंच होतं. नंतर मुदत तीन वर्षांनी वाढली, आम्ही हो म्हणून मोकळे झालो, आणि दुसऱ्याच आठवड्यात बाबांचं तिकीट काढलं. बाबा आले ते बॅगेत रंगाचं शेड कार्ड घेऊन. पुण्याच्या घरी नातीच्या खोलीला कुठला रंग द्यायचा, हे तिच्याकडून पसंत करून घ्यायचं होतं. तिने फिकट हिरवा निवडला. त्यांनी त्यावर पेनने खूण केली आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात जाऊन एकमेकांवर ढकलत बसलो.

"तुझे वडील आहेत, तू सांग."

"माझ्यापेक्षा तुझं जास्त ऐकतात ते."

"ते कुणाचंच ऐकत नाहीत, त्यांना ऐकूच येत नाही."

बाबांची हयात बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये गेली. फोरमन होते. डिझेल इंजिनांच्या शेजारी उभं राहून राहून कान गेले. कानाच्या मशीनचा विषय काढला की ते म्हणायचे, "जन्मभर मी मशीनवर काम केलं, आता मशीनने माझ्यावर करायचं नाही." पुढे बोलायची सोय नाही. नात सुरुवातीला त्यांच्याशी पुष्कळ बोलली. नऊ वर्षांची पोर, अर्ध्या मराठीत अर्ध्या जपानीत तीन-तीनदा सांगून कंटाळली आणि मग नुसत्या खुणा करायला लागली.

त्यांच्या परतीच्या चार दिवस आधी, रविवारी, नवऱ्याने कार रेसची तिकिटं काढली. बाबांना इंजिनं दाखवायची हे कारण होतंच, पण खरं कारण वेगळं होतं. "तिथे त्यांचा मूड चांगला असेल, परत येताना गाडीत सांगून टाकू," तो म्हणाला. मी विचारलं, "सांगून टाकू म्हणजे कोण?" त्यावर त्याला एकदम गाडीत पेट्रोल भरायची आठवण झाली.

ऑफिसातल्या एका जपानी सहकाऱ्याने त्याला आपली सगळी सामग्री वापरायला दिली होती. एक स्कॅनर, म्हणजे ड्रायव्हर आणि पिटमधली, टायर-इंधनाच्या थांब्यावरची, त्याची माणसं रेडिओवर काय बोलतात ते पकडणारं यंत्र. कुठली गाडी कुठल्या फ्रीक्वेन्सीवर, याचा प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद. आणि एका डबीला जोडलेले चार जाडजूड हेडसेट, प्रत्येकाला तोंडापुढे माइक. बटण दाबून बोललं की रेडिओचा आवाज आपोआप बारीक व्हायचा आणि आपलं बोलणं बाकीच्या तिघांच्या कानात जायचं. सहकाऱ्याने एक गोष्ट दोनदा बजावली होती. रेडिओवर ऐकायला इथे हरकत नाही, पण जे ऐकलं ते बाहेर कुणाला सांगायचं नाही, तसा कायदा आहे. आमच्या घराण्याला हा कायदा झेपणारा नव्हता, पण नवऱ्याने आम्हा सगळ्यांना रांगेत उभं करून तो सांगितला आणि बाबांसाठी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिला. बाबांनी वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.

प्रेक्षकांच्या स्टँडमध्ये शिस्तीचं राज्य होतं. लोकांनी पायापाशी चटया घातल्या होत्या, कचऱ्याच्या तीन वेगळ्या पिशव्या बांधल्या होत्या आणि ते कानाला हेडसेट लावून इतके गंभीर बसले होते, की जणू गाडी आपल्यालाच चालवायची आहे. आम्ही मध्ये बसलो, तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा घेऊन. बाबांना चौथा हेडसेट दिला तो कानाला आवाजाचा त्रास नको म्हणून. ऐकू येईल ही कल्पना आमच्या डोक्यातही नव्हती. त्यांनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला, कानाच्या कपावरचं एक चाक पूर्ण फिरवलं, परत आणलं, पुन्हा पूर्ण फिरवलं. फोरमन माणूस, खटपट करणारच. मी दुर्लक्ष केलं.

रेस सुरू झाली आणि इंजिनांच्या आवाजाने बाकं हादरायला लागली. रेडिओवर सगळं जपानी, ते नवरा आम्हाला मराठीत सांगत होता. त्याचं जपानी मीटिंगपुरतं आहे, पण टायर, इंधन आणि "लवकर करा" एवढं त्याला पक्कं कळतं. "निळ्या गाडीचे टायर संपलेत. या लॅपला आत पिटमध्ये येतेय," तो माइकवर म्हणाला.

मिनिटभराने बाबांनी हेडसेट मागे सारून मला कोपर मारलं आणि आपल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "निळी आत येणार बघ आता."

निळी आत आली. मी थक्क झाले. थोड्या वेळाने त्यांनी पांढऱ्या गाडीचंही सांगितलं, तेही बरोबर निघालं. नवरा अभिमानाने फुगला. "बघितलंस? नुसत्या चालीवरून ओळखतात. जुनी नजर आहे ती." पुढच्या रांगेतले एक जपानी आजोबा तिसऱ्या भाकिताला मागे वळले आणि त्यांनी बाबांना वाकून नमस्कार केला. बाबांनी त्यांना पुरी दिली.

अशी नजर असलेला माणूस आनंदात बसलेला पाहून नवऱ्याला धीर आला असावा. त्याने बटण दाबलं. "मग जाताना सांगतेस ना?"

"मी कशी सांगणार? मी सांगितलं की वाटणार, हिनेच अडवून धरलं."

"तूच धरलंयस."

हे खरं होतं. मला इथे तीन वर्षं घासल्यावर आत्ता कुठे मनासारखी नोकरी लागली होती. पोरीच्या मैत्रिणी इथे होत्या. मार्चची तारीख जवळ यायला लागली तशी माझी झोप उडाली होती, आणि मुदत वाढल्याचं कळलं त्या दिवशी मी शिरा केला होता. बाबांना हे कळण्यापेक्षा मला शंभर जिने चढणं परवडलं असतं.

"तू असं सांग," मी म्हटलं, "की मुदत तीन वर्षं वाढली, ऑफिसने सोडलंच नाही. तुझा नाइलाज झाला. माझं नाव काढू नकोस. म्हणावं, ती तर परत जायला एका पायावर तयार होती."

"म्हणजे मी खोटं बोलायचं आणि तू चांगली सून व्हायचं."

"दहा वर्षं झाली मी चांगली सून आहे. शेवटच्या चार दिवसांसाठी कशाला बिघडवतोस?"

पोरगी दोघांच्या मधून आमच्याकडे बघत होती. तिला मुदतीचं सगळं माहीत होतं. आजोबांना सांगायचं नाही, एवढं आम्ही तिला बजावलं होतं. तिने माइकवर "मम्मा, पापा" अशी सुरुवात केली. मी तिच्या हातात पुरी दिली.

बाबांनी याच सुमाराला नवऱ्याला खूण केली, चहा. नवरा रांगेत उभा राहून चहा घेऊन आला. मग खूण केली, सावली. त्याने छत्री धरली, ती मागच्याने अत्यंत नम्रपणे बंद करायला लावली. मग टोपी हवी झाली, ती गाडीत होती, आणि गाडी दोन किलोमीटरवर. नवरा गेला आणि धापा टाकत आला. मग मला खूण झाली, पाय चेपून दे. बाबांनी उभ्या आयुष्यात कुणाला पाय चेपायला सांगितलं नव्हतं. मी हेडसेट घालून, भर स्टँडमध्ये, खाली बसून पाय चेपले, आणि चेपता चेपता बटण दाबून नवऱ्याला म्हटलं, "बघ, तुझ्या वडिलांची मी किती सेवा करतेय. हे पण सांग त्यांना."

पस्तिसाव्या की छत्तिसाव्या लॅपला एक गाडी घसरून वाळूत गेली. सेफ्टी कार आली आणि बाकीच्या गाड्या तिच्यामागे हळूहळू फिरायला लागल्या. एवढ्या गोंगाटानंतर स्टँड एकदम शांत झालं. कानातला रेडिओ बारीक झाला. कुणीतरी बटण दाबलं होतं. मी नवऱ्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे.

"तीन वर्षं म्हणजे पोरगी बारा वर्षांची होणार," बाबा माइकवर म्हणाले.

मी त्यांचे पाय सोडले.

"तुम्हाला... ऐकू येतं?" नवऱ्याने विचारलं. त्याचा आवाज शाळेत पकडलेल्या पोरासारखा झाला होता.

"पहिल्या लॅपपासून. चाक पुरतं फिरवलं की स्वच्छ येतं." त्यांनी खिशातला कागद काढून आमच्यापुढे धरला. "ऐकलेलं सांगायचं नाही असा इथला कायदा आहे, म्हणून गप्प बसलो होतो. निळ्या गाडीचं तेवढं राहवलं नाही."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी इतकी लाज वाटली, की हेडसेट काढून फेकावासा वाटला. पण काढला असता तर ते पुढे काय म्हणतात ते कळलं नसतं.

"ऑफिसचं नाव कशाला घेता?" ते मला म्हणाले. "तुला राहायचंय तर राहायचंय म्हण. मी काय खातो की काय तुला?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, बाबा."

"वाटलं. दहाव्या लॅपला वाटलं. म्हणून तर याला टोपीला पाठवला."

नवऱ्याच्या टीशर्टची पाठ अजून ओली होती.

"राहा तुम्ही," बाबा म्हणाले. "पण एक सांगतो. तुमचा दर रविवारी व्हिडिओवर फोन येतो ना, त्यातलं मला काहीही ऐकू येत नाही. दोन वर्षं तरी झाली. मी एक प्रश्न विचारतो, तुम्ही बोलता. तोंडं हलायची थांबली की पुढचा विचारतो."

मी ते सगळे रविवार डोळ्यांपुढे आणायला गेले. आम्ही त्यांना किती काय काय सांगितलं होतं. माझ्या नोकरीचं मी त्यांना सगळ्यांत आधी सांगितलं होतं आणि ते लगेच म्हणाले होते, थंडी पडली का तिकडे.

"आधी म्हणायचं नाही का?" मी विचारलं.

"म्हटलं, मार्चमध्ये येणारच आहात. आता तीन वर्षं म्हणजे ते कानाचं मशीन घ्यायला पाहिजे. पुण्याला गेलो की घेतो."

पोरीने दोन्ही हातांनी बटण दाबलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सगळं वाक्य मराठीत म्हणाली. "आजोबा, ती लाल गाडी जिंकणार, तुम्ही बघा."

बाबांनी डोळे मिटले. गाड्या समोरून दोनदा गेल्या तरी त्यांनी ते उघडले नाहीत. मग बटण न दाबताच, शेजारी बसलेल्या मला ते म्हणाले, "हिचा आवाज घोगरा आहे. हे मला आज कळलं."