श्रावण मुकादमांची नजर

"नखं दाखवा."

श्रावण मुकादम माझ्याशी बोलले ते हे पहिले शब्द. वरूडला मामांच्या संत्र्याच्या बागेत माल भरायची एक लांबलचक शेड होती. तिच्या दारात मी उभा होतो. हातात कोरी वही, खिशाला फाउंटन पेन, आणि अमरावतीच्या कॉलेजात एम.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असल्याचा सगळा तोरा चेहऱ्यावर. मालकाचा भाचा म्हणून कोणीतरी खुर्ची पुढे करील अशी माझी अपेक्षा होती. तर हा उंच, काटकुळा माणूस माझ्या तोंडाकडे न बघता बोटांकडे बघत होता. मी गोंधळून हात पुढे केले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि खांबाला सुतळीने बांधलेली कात्री दाखवली.

"पयले हे कापा. मंग आत या."

"मी पेट्या भरायला नाही आलो. अभ्यासाला आलोय."

"अभ्यास डोयानं करान, तरी हात लावल्याशिवाय राहनार नाही तुमी. नख लागलं का संत्र्याले जखम. अन् ते एकटं सडत नाही, बाजूच्याईले घेऊन सडते."

मी दारात उभा राहून नखं कापली. शेडमध्ये पेट्या भरणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांचीही नखं रोज सकाळी तपासली जात. एकदा एक म्हातारी म्हणाली, "मुकादम, लहानपनी शाळेत नाही गेलो, ते तुमी आता भरून काढून राहिले." मुकादम हसले, पण तिच्या करंगळीचं नख कापायला लावलंच.

माझा नातू सध्या याच विषयाची पदवी घेतो आहे. सप्लाय चेन, लॉजिस्टिक्स हे शब्द तो जेवताना सहज वापरतो. आमच्या वेळी 'वाहतूक आणि साठवण' असा एक पेपर होता, तीन इंग्रजी पुस्तकं होती, आणि एक प्राध्यापक होते जे वर्षभर एकच वाक्य घोटून घेत : थांबलेला माल म्हणजे तोट्यातला माल. वरूडचं संत्रं झाडापासून कलकत्त्याच्या बाजारापर्यंत कसं पोचतं, यावर मला प्रबंध लिहायचा होता. मामांनी सांगितलं, "माह्या मुकादमाले विचार. त्याले सारं ठाऊक हाय."

मुकादम दुसरीपर्यंत शिकलेले. पण त्यांच्यापुढे संत्र्यांचा ढीग ओतला की ते लहान-मोठं, चांगलं-वाईट असं काही म्हणत नसत. एकेक फळ हातात घेत आणि गावाचं नाव घेत. "हे अमरावती. हे नागपूर. हे कलकत्ता." पिवळंधमक, मऊ फळ जवळच्या गावाला. देठाशी हिरवी झाक असलेलं, घट्ट सालीचं फळ दूरच्या प्रवासाला. इतकंच नाही, बागेत फिरताना कोणत्या झाडाचा माल कलकत्त्यापर्यंत टिकेल हे ते आधीच ओळखत आणि त्या झाडाला फडक्याची चिंधी बांधून ठेवत. कलकत्त्याचे व्यापारी मामांच्या पेट्या न उघडता घेत, ते या चिंध्यांच्या जोरावर. मी विचारलं, "माझं गाव कोणतं, श्रावणजी?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी अजून हिरवेच हा. झाडावरच राहू द्या लागते."

एकदा मी शेडमध्ये बसून वरूड ते बडनेरा स्थानकापर्यंत किती वेळ लागतो याचं गणित मांडत होतो. मुकादम मागे येऊन उभे राहिले. "बुक बंद करा न पेटीवर बसा," म्हणाले. आणि खरंच मला ट्रकमध्ये, पेट्यांवर, मागच्या टोकाला बसवून बडनेऱ्याला नेलं. स्वतः शेजारी बसले. प्रत्येक खड्डा त्यांना ओळखीचा. "आता धरा," म्हणत, आणि पुढच्या क्षणी मी हातभर उंच उडे. मोर्शीपर्यंत माझी कंबर कामातून गेली. "समजलं? मांगच्या खालच्या पेटीतलं संत्रं असंच उडते. म्हनून मांगं जवळच्या गावचं भरायचं. बुकात खड्डा नसते, भाऊ."

माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण ते हेच. 'प्रस्तुत लेखकाच्या निरीक्षणानुसार' अशी त्याची सुरुवात आहे. मुकादमांचं नाव त्यात नाही. तेव्हा मला त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं.

त्यांची एकच गोष्ट मला पटत नसे. झाडावरून उतरवलेलं फळ ते त्या दिवशी कधीच भरू देत नसत. शेडच्या मागच्या अंगाला, सावलीत, गवतावर पसरून ते पूर्ण एक दिवस ठेवायचं. याला ते माल 'बसवणं' म्हणत. ट्रक दारात उभा असो, स्थानकावर डबा मिळालेला असो, व्यापाऱ्याची तार आलेली असो, माल बसायचाच. कारण विचारलं तर म्हणत, "तोडलं म्हनजे मेलं नाही ते. त्याचा जीव चालू हाय. आत्ता झाडावरून उतरलं, तनानलं हाय. त्याले बसू द्या, सैल होऊ द्या. मंग दाबून भरलं तरी ते बोलत नाही." मी वहीत लिहिलं : अंधश्रद्धा. आणि पुढे कंसात : एक दिवस वाया.

ताज्या फळाची साल रसाने ताणलेली असते, दाबली की फुटते, आणि दिवसभर सावलीत ठेवली की ती थोडी ढिली पडते, हे शास्त्र मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. मुकादमांनी तेच सांगितलं होतं. पण ते वऱ्हाडीत सांगितलं होतं, म्हणून मला ऐकू आलं नाही.

धर्मांतराला दोन वर्षं झाली होती. मुकादमांच्या घरच्यांनी पहिल्याच लाटेत दीक्षा घेतलेली, आणि दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जाणं त्यांनी चुकवलं नसतं. त्या साली नेमका तेव्हाच आंबिया बहाराचा, म्हणजे दसरा-दिवाळीच्या पिकाचा, पहिला मोठा माल निघाला. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी झाडांना चिंध्या बांधल्या, कलकत्त्याचा निम्मा माल उतरवून सावलीत पसरला, आणि मला बोलावलं. "हा ढीग उद्या भरा. उद्या उतरीन तो परवा भरा. गाडी दोन खेपा करीन. एवढं पाहान न भाऊ?" मी हो म्हणालो.

ते गेले आणि मला माझा प्रबंध दिसायला लागला. त्याच सकाळी उरलेला माल उतरला. ट्रक मोठा होता, दोन्ही ढीग त्यात मावत होते. एक दिवस वाचवला आणि माल कलकत्त्याला सुखरूप पोचला, तर माझ्या हाती असं प्रकरण लागणार होतं की सर टेबलावर थाप मारतील. मी बायांना दोन्ही ढीग भरायला सांगितले. तीच म्हातारी म्हणाली, "हा आजचा हाय, भाऊ." मी म्हणालो, "मुकादमांनी सांगितलंय." ती पेट्या भरू लागली. मालकाच्या भाच्यापुढे कोण बोलणार?

मुकादम तिसऱ्या दिवशी परतले. कपड्यांवरची प्रवासाची धूळ तशीच होती. शेडमध्ये येऊन रिकामं गवत पाहिलं. "एकाच खेपेत गेला काय सारा?" मी म्हणालो, "हो, दुसऱ्या खेपेला गाडी मिळत नव्हती, म्हणून थांबवून काल एकदमच पाठवला." गाडी परवाच, माल उतरला त्याच दिवशी गेली होती. एवढं खोटं मी इतक्या सहज बोललो की मलाच आश्चर्य वाटलं.

आठवड्याने तार आली. निम्म्याहून अधिक पेट्या सडल्या होत्या.

मामांनी सगळ्यांना शेडमध्ये उभं केलं. "नागपूरले जत्रा पाहाले गेला, अन् इकडे माल सडवला," असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. 'जत्रा' या एका शब्दाने मुकादमांच्या चेहऱ्यावर रक्त चढलं. ते माझ्याकडे वळले. सगळी शेड ऐकत होती. ती म्हातारी माझ्याकडे रोखून पाहत होती.

"भाऊ, माल बसला व्हता न?"

"हो," मी म्हणालो. "पूर्ण दिवस."

त्यांनी मान डोलावली. माझ्यावर तिळमात्र संशय घेतला नाही. त्यांच्या हिशेबी, शिकलेला माणूस असल्या बाबतीत खोटं बोलत नसतो. मग ते मामांना म्हणाले, "मंग झाडंच चुकली मायी. नजर गेली. दुसरा मानूस पाहा, मालक." मामांनाही हे अपेक्षित नव्हतं. ते दोनदा थांब म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी मुकादम आले नाहीत, आणि महिन्याभरात बायकोला घेऊन वरूड सोडून गेले.

मी काय केलं? मी प्रबंध पूर्ण केला. वाचवलेल्या दिवसाचं प्रकरण अर्थातच बाद झालं. त्या जागी मी दुसरं लिहिलं : 'केवळ एका व्यक्तीच्या नजरेवर विसंबून राहिल्याने संपूर्ण खेप वाया गेल्याचे उदाहरण प्रस्तुत लेखकाने प्रत्यक्ष पाहिले आहे.' परीक्षकांनी याच वाक्याखाली रेघ ओढून बाजूला 'उत्तम' लिहिलं. मला पहिला वर्ग मिळाला. त्या वर्गाच्या जोरावर अकोल्याच्या एका कॉलेजात नोकरी मिळाली, आणि पुढची कित्येक वर्षं मी मुलांना वाहतूक आणि साठवण शिकवली. थांबलेल्या मालाचं ते वाक्य मात्र मी वर्गात कधी उच्चारलं नाही. एवढीच माझी शिक्षा, आणि तीही मीच ठरवलेली.

दहा वर्षांनी मुलांना घेऊन अकोल्यातल्या एका कापसाच्या प्रेसमध्ये गेलो होतो. गाठी कशा बांधतात, वॅगनमध्ये कशा चढवतात ते दाखवायला. फाटकावर खाकी कपड्यातला चौकीदार आतबाहेर जाणाऱ्या गाड्यांवर लक्ष ठेवून होता. डोळ्यांवर जाड काड्यांचा चष्मा. मी ओळखलं आणि मान वळवली. त्यांनी मात्र हाक मारली. "भाऊ! वरूडचे न तुमी?" मुलांना अभिमानाने सांगितलं, "तुमच्या सरांले मी पेट्यावर बसवून बडनेऱ्याले नेलं व्हतं." रविवारी घरी या, असा आग्रह धरला. नाही म्हणवलं नाही.

रेल्वेलाइनच्या पलीकडे त्यांच्या दोन खोल्या होत्या. शेणाने सारवलेलं स्वच्छ अंगण. त्यांच्या पत्नीने, सखुबाईंनी, चहा आणला. मी विचारलं, "चष्मा कधी लागला?"

"लागला नाही, मीच घेतला. अमरावतीले डोये दाखवले, तं डाक्टर म्हने काहीच नाही, चांगले हायेत. त्याले काय समजते? त्यानं काय झाडं पाह्यली मायी?" ते हसले. "तवापासून संत्र्याले हात नाही लावला, भाऊ. लय बागवाल्याईनं बलावलं. म्या म्हटलं, नाही. मायावर भरोसा ठेवून दुसऱ्याचा माल सडाले नोको."

मी तिथेच सांगून टाकलं. कसं ते मला ठाऊक नाही. कप हातात होता, तो खाली ठेवण्याइतकंही थांबलो नाही.

"श्रावणजी, तो माल बसला नव्हता."

"कोनता?"

"तुम्ही नागपूरला गेलात तेव्हाचा. त्या दिवशी उतरलेला ढीगही मी तसाच भरला. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो."

मी शिवीची वाट पाहत होतो. खरं सांगायचं तर शिवी मिळावी म्हणूनच बोललो होतो.

"सारा ढीग?"

"सारा."

"मंग झाडं बरोबर व्हती?"

"झाडं बरोबर होती. तुमचं काहीच चुकलं नव्हतं."

श्रावण मुकादम मोठ्याने हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "ऐकलं काय वं?" त्यांनी आत हाक दिली. "झाडं बरोबर व्हती! नजर नाही गेली मायी! म्या म्हनतच व्हतो, त्या झाडाईचा माल सडूच नाही शकत!" आणि माझे दोन्ही हात हातात घेऊन ते म्हणाले, "लय बरं केलं भाऊ, सांगतलं ते." ते माझे आभार मानत होते. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही.

मी उठलो. मुकादम दारातूनच हात हलवत होते, अजून हसत होते. सखुबाई मात्र माझ्याबरोबर रेल्वेलाइनपर्यंत चालत आल्या. तिथे थांबल्या.

"भाऊ, आज हे खूश हायेत. तुमी काय सांगतलं ते त्याईले अजून समजलं नाही. बाजारात संत्रं दिसलं तं दहा वर्स हे रस्ता बदलत आले. उद्या, परवा समजीन त्याईले. तवा तुमी त्याईच्यासमोर नोका राहू. पुन्हा येऊ नोका."

मी गेलो नाही. त्यानंतर अकोल्यात आणखी चार वर्षं होतो. प्रेसच्या फाटकावरून जायची वेळ आली की लांबच्या रस्त्याने जाई. सखुबाईंचं ऐकलं म्हणून गेलो नाही, की तेच मला सोयीचं होतं, याचं खरं उत्तर मी स्वतःलाही दिलेलं नाही. मुकादमांना ते समजलं असणार, उशिरा का होईना. त्या दिवशी ते काय म्हणाले, की काहीच न बोलता बसून राहिले, हे मला माहीत नाही. ते ऐकायला मी तिथे असायला हवं होतं.