चौथ्या शीलाला एक आवाज कमी

आमच्या घरी रविवारी सकाळी साडेसातला वंदना होते. हा नियम माझा. घरात माझं म्हणून जे काही उरलंय त्यातला हा शेवटचा. रिमोट, खिडकीजवळची खुर्ची, पंख्याचा वेग, सगळं मुलांनी एकेक करून ताब्यात घेतलं, आणि मीही ते दिलं. वंदना मात्र सोडली नाही. दिंडोशीच्या आमच्या छोट्या हॉलमध्ये चौघांनी पांढरे कपडे घालून चटईवर बसायचं, बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती आणि उदबत्ती लावायची, आधी त्रिशरण, मग पंचशील. मी एकेक शील म्हणायचं आणि बाकीच्यांनी माझ्याबरोबर म्हणायचं. हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, वाईट चालीने वागणार नाही, खोटं बोलणार नाही, नशा करणार नाही.

चौघांचे आवाज मला डोळे मिटून ओळखता येतात. बायको सुरात म्हणते. धाकटा पाचवीत आहे, तो सगळ्यांच्या दोन शब्द पुढे पळतो, कारण खाली आठला क्रिकेट असतं. माझा आवाज मोठा, त्यात सूर नसतो असं घरातल्यांचं मत आहे. आणि थोरली लेक, बारावीतली, ती प्रत्येक शब्द नीट, अर्थ कळल्यासारखा म्हणते. अर्थ कळण्याचा त्रास मला होतो. गेल्या वर्षी वंदना संपताच मी सोफ्याखालची रॅकेट काढून एक डास तडतडवला, तर ही म्हणाली, “पप्पा, अजून मेणबत्तीपण विझली नाही ना.” तेव्हापासून वंदनेनंतर मी दहा मिनिटं थांबतो. आमच्याकडच्या डासांना आता ही वेळ पाठ झाली असावी.

तर अशी ही पोरगी एका रविवारी चौथ्या शीलाला गप्प बसली.

पहिल्यांदा मला वाटलं, घसा बसला असेल. पण पाचवं शील तिने खणखणीत म्हटलं. पुढच्या रविवारी तेच. तीन शीलं बरोबर, चौथ्याला आवाज गायब, पाचव्याला हजर. मी अंधेरीच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या मालातल्या चुका काढायचा मला पगार मिळतो. ही चूक माझ्या कानातून कशी सुटणार?

“तिला आता हे सगळं जुनाट वाटायला लागलं असणार,” मी बायकोला म्हटलं.

“जुनाट वाटलं असतं तर पाचही सोडली असती,” ती म्हणाली. “तुम्ही जरा दम धरा.”

दम धरणं माझ्या स्वभावात नाही. त्या संध्याकाळी जेवताना मी माझ्या आजोबांची गोष्ट काढली: बौद्ध धम्म घेतल्यावर त्यांनी देव्हारा कसा रिकामा केला, गावाने त्यांना काय काय ऐकवलं, आणि ते कसे बधले नाहीत. ही गोष्ट मुलांनी इतक्यांदा ऐकली आहे की मी अडखळलो तर धाकटा पुढचं सांगतो. लेक मान खाली घालून भात कालवत राहिली. मला खरंच भीती वाटली. आजोबांनी एवढं सोसून जे घरात आणलं ते माझ्याच डोळ्यांसमोर, माझ्याच चटईवरून निघून चाललंय, असं मला वाटत होतं.

तिसऱ्या रविवारी ती पुन्हा गप्प झाली. मी थांबलो.

“चौथं परत एकदा,” मी म्हटलं.

परत म्हटलं. तीनच आवाज.

“अजून एकदा.”

असं चार वेळा झालं. शेवटी धाकटा म्हणाला, “पप्पा, तुम्ही अटकलात का?”

लेकीचे डोळे भरले होते. “मी नाही म्हणू शकत,” ती म्हणाली. “म्हटलं तर तेपण खोटंच होईल ना.”

मग सगळं बाहेर आलं. तिला डॉक्टर करायचं म्हणून आम्ही तिला अंधेरीच्या क्लासला घातलं होतं. त्यातल्या मंगळवार-गुरुवार दुपारच्या फिजिक्सला ती तीन आठवडे गेलीच नव्हती. गैरहजेरीचे मेसेज पालकांना जातात, पण फॉर्म भरायचा मला कंटाळा आला होता, आणि तिने पालकांच्या रकान्यात स्वतःचाच नंबर टाकला होता. त्या वेळात ती कुठे असायची? तर आमच्या घरापासून वीस मिनिटांवर, दिंडोशीच्या कोर्टात, मागच्या बाकावर.

“कोर्टात? काय केलंस तू?” माझी बोबडी वळली.

“काही नाही हो. ऐकायला जाते. कोणीपण बसू शकतं. एक वकीलबाई आहेत, त्या आवाज न चढवता तीनच प्रश्न विचारतात आणि समोरचा साक्षीदार गारच पडतो. मला ते करायचंय, पप्पा.”

मी आवाज चढवला. वकिली म्हणजे काय, कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेले कितीजण दिसतात, दोन वर्षांची मेहनत पाण्यात, घराण्यातली पहिली डॉक्टर होणार होतीस, वगैरे वगैरे. मेणबत्ती तशीच जळत होती. बायकोने फक्त भिंतीकडे पाहिलं. तिथे मूर्तीच्या शेजारी, कोट-टाय घातलेला तो फोटो आहे, ज्याच्यासमोर मी दर रविवारी हात जोडतो, आणि ज्यातले गृहस्थ बॅरिस्टर होते. मी अर्ध्या वाक्यात थांबलो. माझ्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही.

त्या दिवशी मला लाज वाटली आणि अभिमानही वाटला, आणि दोन्ही एकाच वेळी वाटल्यामुळे मी भाजी आणायला निघून गेलो. आपली पोरगी आपल्याशी तीन आठवडे खोटं बोलली याचा राग होताच. पण बुद्धासमोर मात्र तिला खोटं बोलवेना. मी इतकी वर्षं पाचही शीलं बिनदिक्कत म्हणतोय, माझा आवाज कधी अडकल्याचं मला आठवेना.

आठवडाभरात आमची दिलजमाई झाली. बारावी पूर्ण करायची, मग लॉची परीक्षा. मेसेजसाठी माझा नंबर. ती लगेच हो म्हणाली.

पुढच्या रविवारी चौघं बसलो. चौथं शील आलं आणि तिचा आवाज आला, स्वच्छ आणि मोठा. पण या वेळी माझाच आवाज फुटेना. कारण शुक्रवारी गावाहून माझ्या आईचा फोन आला होता. “काय म्हन्ते माही डाक्टरीन?” तिने विचारलं होतं, आणि मी म्हणालो होतो, “मस्त अभ्यास चाललाय, आई.” आईने नातीची डॉक्टरकी वाशीमकडच्या आमच्या गावात केव्हाच जाहीर करून टाकलेली आहे. तिला सांगायची माझी हिंमत झाली नव्हती.

लेकीने एक डोळा उघडला. “पप्पा, तुमचं चौथं राहिलं.” मग माझा चेहरा बघून तिला काय ते कळलं असावं. तिने उठून माझा मोबाइल आणला, आजीचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन चटईवर ठेवला.

मी सांगितलं. डॉक्टर नाही, वकील. शुक्रवारी खोटं बोललो, तेही सांगितलं. धाकटासुद्धा हलला नाही.

“मंग आता मले साऱ्या गावात जाऊन खरं सांगा लागन,” आई म्हणाली. “बरं. वंदना झाली काय तुमची?”

“चौथ्यावर थांबलीय, आजी,” लेक म्हणाली.

“तं म्हना की. मी बी म्हन्तो.”

आम्ही चौथं शील पुन्हा म्हटलं. आईचा आवाज फोनवरून अर्धा शब्द मागे येत होता, पण आमच्या पाच जणांत तोच सगळ्यात मोठा होता.