पत्त्यांवर नसलेली खूण

त्या अष्टमीचा विषय निघाला की आजही माझे कान तापतात. साठ सालाच्या आसपास मी शहाद्याकडच्या एका ठाण्यात नवा फौजदार होतो. तापीकाठच्या गुजर गावांत गोकुळाष्टमीला भरदुपारी तीन पत्तीचा फड बसे. सगळ्यांना सारखे चिंचोके. ज्याचे संपले तो उठला. शेवटी उरलेले दोघे बैलजोडी पणाला लावत.

त्या दुपारी एक शेतकरी धापा टाकत ठाण्यात आला. आपली जोडी तो नुकतीच थोरल्या चुलतभावाकडे हरला होता. "साहेब, तीन वरीस व्हयनात, तोच जिंकी ऱ्हायना. पत्तासवर खून शे!" तीन वर्षे तोच जिंकतोय, पत्त्यांवर खूण केलेली आहे, असे त्याचे म्हणणे.

मी पत्ते जप्त केले, पंचनामा केला, थोरल्याला आणून बसवले. जुगाराचा दंड दोघांनाही चुकणार नव्हता. पण फसवणुकीचा बट्टा लागला तर थोरल्याच्या मुलीची कोरीट गावी ठरलेली सोयरीक मोडणार होती. त्याला भीती होती ती एवढीच.

भिंग लावून बावन्न पाने तपासली. खूण कसली नि काय! थोरला म्हणाला, "मी पत्ता नही देखत साहेब, मानूस देखस."

हा मला शिकवतो! मी टेबल आपटले, दमदाटी केली. तो ढिम्म.

आमचा हवालदार चौथी पास, त्याच भागातला. माझ्यापुढे मूग गिळून बसणारे आरोपी त्याच्यापुढे घडाघडा बोलत. मला त्याचा मत्सर वाटे, सरळ सांगतो. तो म्हणाला, "साहेब, नवे पत्ते द्या. दोघांना इथेच खेळू द्या." मी नाइलाजाने होकार दिला.

पाच-सहा डाव झाले. हवालदार माझ्या कानाशी लागला, "धाकल्याचे डोळे बघा." चांगली पाने आली की तक्रार घेऊन आलेला धाकटा ती विसरून थोरल्याचे तोंड बघत बसे, आता कसा हरतो म्हणून! थोरला लगेच पाने टाकून मोकळा. हलकी पाने आली की धाकटा ओरडून चिंचोके दुप्पट करी, पण नजर आपल्याच पानांत. मग थोरला निवांत चाल भरत राही आणि शेवटी पाने उघडायला लावी. खूण असलीच तर धाकट्याच्या जळफळाटात होती.

प्रकरण तिथेच मिटले होते. पण शिपाई हवालदाराची पाठ थोपटू लागले आणि माझ्या पोटात दुखले. मी स्टेशन डायरीत लिहिले, 'फसवणुकीचा संशय, तपास चालू', आणि थोरल्याला सकाळपर्यंत ठेवून घेतले.

"साहेब, आता कशाला?" हवालदाराने विचारले.

"तपास मी करतोय की तुम्ही?"

सकाळी कोरीटचे व्याही विचारपूस करायला आले. ठाणे अंमलदाराने डायरीत होते ते सांगितले. ते पाणीही न घेता परतले. मी धावपळ करून थोरला निर्दोष असल्याचा कागद दिला, हवालदार तो घेऊन स्वतः कोरीटला गेला. कोणी ऐकले नाही. सोयरीक मोडली.

कोरीटहून परत आलेला कागद घ्यायला थोरला ठाण्यात आला. माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "धाकला मन्हावर जळस, ते माले माहीत व्हतं. तुम्ही कोनवर जळतस, साहेब?"

हवालदार शेजारीच उभा होता.

पुढे सगळ्या नोकरीत, कोणालाही चौकशीला बसवण्याआधी मी स्वतःला विचारत असे, आज आपल्या पोटात कोणाबद्दल काय आहे? सवय चांगली लागली. त्या मुलीला या सवयीचा काय उपयोग?