सुपारीवर चेहरा काढायचा ब्रश

रुखवतातल्या सुपारीच्या बाहुल्या करणं हे जगातलं सर्वात सोपं काम आहे, असं ज्यांनी जन्मात एकही सुपारी रंगवली नाही त्या सगळ्यांचं ठाम मत आहे. दोन सुपाऱ्या एकावर एक चिकटवायच्या, खालचीला जरीचा तुकडा गुंडाळायचा, वरचीला डोळे, नाक, ओठ काढायचे, झाले नवरा-नवरी. "तुमचं काय, बसल्या बसल्या होतं," असं मला महाडमधल्या झाडून सगळ्या नवरीच्या आयांनी ऐकवलं आहे. खरंच बसल्या बसल्या होतं. उभ्याने सुपारी रंगवणारी बाई मी तरी अजून पाहिलेली नाही.

माझी थोरली बहीण तुडीलला असते. तिच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा रुखवत मावशीकडे, हेही मला न विचारताच ठरलं. मुलगा पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतला, नोकरीला मुंबईत. त्याची आई लवकर गेली, आत्याने वाढवला, त्यामुळे त्या घरात शब्द चालतो तो आत्याचा. आत्या मुलगी बघून गेली, पसंत म्हणाली आणि सुपारी फुटली. आमच्याकडे लग्न पक्कं झालं की सुपारी फुटते. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना यात काहीतरी भलतंच ऐकू येतं, पण तो त्यांच्या बातम्यांचा दोष.

आता घोडं कुठे अडलं होतं ते सांगते. माझ्या भाचीच्या डाव्या डोळ्याखाली, गालाच्या हाडापर्यंत, पांढरा डाग आहे. त्याला मराठीत सरळ दोन अक्षरी शब्द आहे, पण आमच्या घरात तो कुणी उच्चारत नाही. सगळे 'ते' म्हणतात. ते वाढलं का? ते झाकलंस का? दहावीनंतर 'ते' उठलं तेव्हा ताई तिला रविवारच्या रविवार सव गावाला घेऊन जायची, तिथल्या गरम कुंडाचं पाणी अंगाला लागलं की कातडीचं काहीही बरं होतं म्हणून. पोरगी शेकून निघाली, 'ते' जिथल्या तिथे राहिलं. मग ताईला मेकअपचा शोध लागला. आत्याने पसंत केली ती मेकअपखालची मुलगी. मुलाला मात्र सगळं माहीत होतं, कारण भाचीने दुसऱ्याच भेटीत त्याच्यासमोर तोंड धुतलं होतं. तो म्हणाला, "मी सांगतो आत्याला." साखरपुडा झाला, पत्रिका छापल्या, तरी तो सांगतोच आहे. लग्नाला मुहूर्त मिळतो, पण पुरुषाला तोंड उघडायला मुहूर्त मिळत नाही.

एका दुपारी भाची माझ्याकडे आली, पाटावर मांडलेल्या सुपाऱ्यांकडे बघत बसली आणि म्हणाली, "मावशी, नवरी काढशील ती माझ्यासारखी काढ. डागासकट."

मी हातातली सुपारी खाली ठेवली. 'डाग' हा शब्दसुद्धा मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते.

"वाडीवर मोरी अंगणात हाय गो," ती म्हणाली. "रोज सगळ्यांच्या आधी उठून, अंधारात तोंड धुवून, रंगवून, मग घरात यायचं? जन्मभर? मला नाय जमणार. आत्याला कळू दे काय ते. घरात घ्यायचं तर असंच घे म्हणावं."

"मग तूच सांग ना तिला."

"आईने शपथ घातलीय. तोंडाने सांगायचं नाय."

आमच्या ताईने आपल्या जिवाची शपथ घातली होती. पण शपथेत सुपारीबद्दल काही म्हटलेलं नव्हतं. भाचीने एवढं डोकं बारावीला चालवलं असतं तर आज कुठल्या कुठे असती. मी काढते म्हणाले, आणि मग माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे ब्रश नाही.

म्हणजे ब्रश होता. पण त्याचं टोक दुभंगलेलं होतं आणि तो एका फटक्यात दोन भुवया काढायचा. सुपारीवर तो डाग यायचा मोहरीच्या दाण्याएवढा. त्याची कड नेमकी हवी, नाहीतर बघणाऱ्याला वाटेल मावशीचा हात हलला. भाचीचं सगळं बोलणं त्या मोहरीवर होतं, तेव्हा ती मोहरी वाचता आली पाहिजे.

आधी मोबाइलवर जाणकारांची भाषणं ऐकली. एक गृहस्थ अर्धा तास 'कुंचल्याची निवड' यावर बोलले. आमच्याकडे कुंचा म्हणजे भिंतीला चुना मारायचा, त्यामुळे शेजारच्या वहिनींनी भिंतीपलीकडून विचारलं की घराला रंग काढताय का. भाषणाचं सार असं की जेवढे शून्य जास्त तेवढा ब्रश बारीक, आणि जेवढा बारीक तेवढा चांगला. एक झिरो, दोन झिरो, तीन झिरो. मी तीन झिरोचा संच घरपोच मागवला. घरपोच म्हणजे पार्सल पोलादपूरला जाऊन बसलं आणि मी घरून तिथे पोचले. त्या ब्रशात जेवढा रंग मावायचा तेवढ्यात मुंगीची आंघोळ झाली नसती. ताटलीपासून सुपारीपर्यंत येईतो तो वाळलेला असायचा. चार भुवयांनंतर प्लास्टिकच्या केसांची टोकं अशी वळली की क्रोशाच्या सुईऐवजी चालली असती.

खरी गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. झिरोला काडीची किंमत नाही. ब्रशाचं पोट भरलेलं हवं आणि टोक सुईसारखं. पोटात ओला रंग राहतो, टोकाने तो हवा तेवढाच उतरतो. एक नंबरचा चांगला ब्रश तीन झिरोच्या भिकार ब्रशापेक्षा बारीक रेघ काढतो. खारीच्या केसांचा पाणी छान धरतो पण दाबलं की लोळण घेतो, त्याला कणाच नाही. पूर्वी मुंगसाच्या केसांचे मिळायचे, त्यावर आता बंदी आहे, आणि ते बरंच झालं. मुंगूस परसात हिंडतानाच शोभतं.

मग मी मुंबईच्या दादाला फोन केला. हा आमचा भाऊ. इथे असताना वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा, पण मुंबईला गेल्यापासून त्याला सगळ्यातलं सगळं कळतं. मी त्याला अगदी स्पष्ट सांगितलं: "चेहरा रंगवायचा ब्रश हवाय, बारीक, चांगल्या केसांचा." दादा आला तो काळ्या मखमली डब्यात डझनभर ब्रश घेऊन. सगळ्यात मोठ्याने माझ्या देव्हाऱ्यातली धूळ झटकता आली असती.

"एकदम प्रोफेशनल हाय," तो म्हणाला. "दुकानवाली बोलली, हिरोइन लोग यहीच वापरतात."

"अरे सुपारीचा चेहरा, सुपारीचा!"

"मग तसं बोलायचं ना गो. तू बोललीस चेहरा."

मेकअपचे ब्रश. माझं तोंड बघण्यासारखं झालं, पण रुखवत कुठवर आलं ते बघायला आलेल्या ताईचं उजळलं. तिने तो डबा असा छातीशी धरला जणू मुलीचं सौभाग्यच त्यात आहे. "हे बरं झालं हो. डोळ्याखाली नीट बसंल," असं म्हणत तिने त्यातला मधला ब्रश आपल्याच गालावर फिरवून बघितला. मी म्हटलं, अगो, किती झाकशील? तर म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाकतात ताई, तोंड नाय."

"तुला काय जातंय बोलायला? तुला मुलगी नाय."

मला राग आला होता आणि वाईटही वाटलं होतं. ताई वाईट नाही. तिला भीती वाटते. वाडीवरच्या बायका पाणी भरताना काय बोलतील ते तिला तुडीलमध्ये बसून ऐकू येतं.

शेवटी मी महाडच्या बाजारातल्या त्या स्टेशनरीच्या दुकानात गेले, जिथे सुरुवातीलाच जायला हवं होतं आणि जिथे जायचं मी टाळत होते, कारण तिथल्या मालकाला वाटतं की ब्रश फक्त ड्रॉइंगच्या परीक्षेला बसणारी मुलं घेतात. "कुणाला बसवताय एलिमेंटरीला?" त्याने विचारलं. मी म्हटलं, मीच बसत्येय. त्याने ब्रशांचा डबा काढला आणि वर पाण्याचा ग्लासही पुढे केला. तो ग्लास मला प्यायला होता.

नव्या ब्रशाची गंमत अशी की कारखान्यातून निघताना त्याचे केस खळीने चिकटवलेले असतात. त्यामुळे बघण्याच्या कार्यक्रमात सगळेच टोकदार, सगळेच सुसंस्कृत. खळ धुतल्याशिवाय कोण किती पाण्यात आहे ते कळत नाही. मी एकेक ब्रश ग्लासात बुडवायला लागले. बोटांनी खळ सोडवायची, परत बुडवायचा, मनगटाला एक झटका द्यायचा आणि टोक बघायचं.

"ओ ताई, ओला केला की घ्यायला लागंल!"

"न बघता घेऊ?"

"लोक घेतात की."

लोक घेतात हे मला माहीत होतंच. काही पिसारले, काहींचे केस ग्लासात तरंगायला लागले, एकाची धातूची टोपीच फिरायला लागली. मालक गयावया करत होता आणि मागे गिऱ्हाइकं साचली होती. डब्याच्या तळाशी एक नंबरचा, सेबल का काय म्हणतात त्या परदेशी जनावराच्या केसांचा एकच ब्रश होता, कुणीतरी सांगून ठेवलेला आणि न नेलेला. बुडवला, झटकला. केस मिटले आणि एका टोकाला आले. नखावर टेकवला तर वाकला आणि उचलल्याबरोबर पुन्हा सरळ झाला. मला तिथेच, त्या दुकानात, टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. किंमत मी ताईला अजून सांगितलेली नाही.

भाची तोंड धुऊन खिडकीशी बसली आणि मी नवरी काढली. तो डाग सुंदर वगैरे आहे असं मी म्हणणार नाही. डाग तो डाग. पण आधी सरावाला त्याच्याशिवायची एक सुपारी केली होती, ती छान दिसत होती आणि ती दुसऱ्याच कुणाची तरी मुलगी वाटत होती. पांढरा रंग दुधासारखा पातळ केला, तीन हात दिले, आणि कड तशीच ठेवली, खालच्या बाजूला जरा दातेरी. भाचीने सुपारी तळहातावर घेतली आणि उजेडाकडे फिरवून बघितली. मग ती हसली. नवरदेव मी फोटो बघून अर्ध्या तासात उरकला, कारण नवरदेवाकडे कोण बघतं? दोघं डब्यात घालून ताईला सांगितलं, रंग ओला आहे, हॉलवर जाईपर्यंत उघडू नको.

हॉलवर ताईने डबा उघडला आणि माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. तिने नवरीला उचलून साखरेच्या देवळामागे उभी केली. पण रुखवत बघायला येणाऱ्या बायका पुढचं बघतच नाहीत, मागे काय लपवलंय तेच बघतात. अक्षता पडल्या, पंगत बसायची होती, तेवढ्यात वाडीवरच्या बायका टेबलाभोवती जमल्या आणि त्यांच्यात सगळ्यात पुढे आत्या, बाजूला नवी सून. आत्याने साखरेचं देऊळ सरकवलं, नवरी उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि अंगठ्याच्या नखाने गालावर खरवडून बघितलं.

"गो, हिचा रंग उडालाय की."

ताई घाईघाईने म्हणाली, "हो ना, गडबडीत टवका गेला असंल."

इथे मी सगळं विसरले. लग्न कुणाचं, शपथ कुणाची, काही आठवलं नाही. एवढा ब्रश शोधला, एवढी कड सांभाळली, आणि टवका?

"उडाला नाही," मी म्हटलं. "लावलाय. तीन हात दिलेत."

आत्याने माझ्याकडे बघितलं, बाहुलीकडे बघितलं, मग सुनेकडे. भाची ओठ घट्ट मिटून उभी होती. ताईने माझं मनगट धरून मला मागे ओढलं. आत्याने आपल्या पदराचं टोक घेतलं आणि भाचीच्या डाव्या डोळ्याखाली टिपलं, घाम टिपतात तसं, एकदा, दोनदा. पावडर पदराला आली. खाली पांढरं दिसायला लागलं. आत्याने सुपारी त्या गालाशेजारी धरली आणि डोळे बारीक करून दोन्ही ताडून बघितलं.

"बराबर काढलंस," ती मला म्हणाली.

मग तिने नवरदेव उचलला, उलटासुलटा केला आणि माझ्यासमोर धरला.

"आन् ह्याच्या भुवईतली खोक कुठं हाय? जांभळीवरनं पडला तवा मीच हळद दाबून धरली व्हती. पोरीचं तेवढं खरं काढायचं, आन् आमचा पोरगा गुळगुळीत? नाय चालायचं. त्याची खोक काढ, मग दोघांना घेऊन जाते."