पुढचा शब्द

बाई गेल्या त्या दिवशी मंगळवार होता. दुपारी तीनला त्यांच्या भाचीचा फोन आला आणि पाचला मुलं वह्या घेऊन पडवीत आली. त्यांना परत पाठवायचं काम माझ्याकडे आलं. त्याला आता दीड महिना झाला.

सुधाबाई रत्नागिरीत आम्हाला इंग्रजी शिकवायच्या. निवृत्तीनंतरही दर मंगळवारी घरच्या पडवीत त्यांचा वर्ग भरायचा. फी नव्हती. कुणी फणसाचे गरे आणले तर ते त्याच मुलांत वाटले जायचे. घरात जाडजूड शब्दकोश होते, पण बाईंचा जीव एका लहानशा क्रियापदावर... 'कीप'वर. त्याला कारण माझी एक चूक.

माझे बाबा आरे-वारेच्या रस्त्यावरच्या एका बागेत आंब्याची राखण करायचे. आठवीत निबंधात मी लिहिलं, 'माय फादर कीप्स मँगोज.' बाईंनी ते मोठ्याने वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"काय गो, ठेवून घेतो? मालकाला ठाऊक आहे?"

वर्ग हसला. मी मान वर केली नाही. त्या रविवारी बाई एसटीने बागेत आल्या. गलोल घेऊन बसलेल्या बाबांना त्यांनी विचारलं, "तुम्ही नक्की काय करता?"

"वानरं हाकवतो. दुसरं काय," बाबा म्हणाले. "पण डोळा लागला की बाग गेली, बाई."

सोमवारी बाईंनी फळ्यावर 'कीप वॉच', म्हणजे राखण करणं, असं लिहिलं आणि वर्गाला सांगितलं, "हिचं क्रियापद बरोबर होतं, पुढचा शब्द तेवढा चुकला. आणि तुम्हाला हसवलं ते माझं चुकलं." शिक्षकाने वर्गासमोर चूक कबूल केलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

पुढे त्या प्रत्येक वर्गाला सांगत, 'कीप' एकटं राहत नाही, पुढचा शब्द बघा. 'फ्रेश' आलं की टिकणं. गुपित आलं की पोटात ठेवणं. कोंबड्या आल्या की पाळणं, आणि वचन आलं तरी पाळणंच. "आपणही कोंबडी आणि वचन एकाच क्रियापदाने पाळतो," म्हणून स्वतःच हसायच्या.

मी ग्रंथालयात नोकरी करते, माणसांपुढे बोलायला कचरते. गेली दोन वर्षं बाई म्हणत होत्या, "माझ्यामागे मंगळवार तू घे."

"बाई, मला चार जणांत बोलता येत नाही."

"मग तिघांना शिकव."

मी तो विषय दर वेळी टाळला.

पक्षाघातानंतर त्यांची वाचा जवळजवळ गेली होती. शेवटच्या रविवारी त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "कीप..." पुढचा शब्द येईना. मी वाट पाहिली. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. शेवटी मीच म्हटलं, "हो, बाई." त्यांनी हात सोडला.

मी कशाला हो म्हटलं? त्यांच्या वह्यांना, झाडांना पाणी घालायला, की मंगळवारला? पुढचा शब्द त्यांनी माझ्यावर सोपवला, असं लिहिणं सोपं आहे. खरं म्हणजे तो त्यांना सापडला नाही आणि त्याचा त्यांना त्रास झाला, हे मी समोर बसून पाहिलं. पण मी हो म्हटलं होतं.

तेराव्यानंतरच्या मंगळवारी भाचीकडून किल्ली घेतली. तिघं आली. मी फळ्यावर 'कीप' लिहिलं, पुढे जागा सोडली. मग बोलू लागले.

सध्या सहा मुलं येतात. फळा बाईंचाच आहे.