धाकट्याने बांधलेलं इंजिन

थोरल्याचं सगळं आयुष्य एका पत्र्याच्या शेडमध्ये गेलं. बापाने तिथे पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायला सुरुवात केली. मग ट्रॅक्टर आले, मळणीयंत्रं आली, विक्रीचं दुकान निघालं, मागे गाड्या धुवायचा रॅम्प झाला. शाळा सुटली की दोन्ही पोरं तिथेच पडीक. थोरला मूग गिळून गप्प. धाकटा मात्र एका हाताने नट आवळत गिऱ्हाइकाला हसवायचा. "तुमचं मशीन आजारी नाही हो, रुसलंय," म्हणायचा आणि तासाभरात रुसवा काढून द्यायचा.

बापाचा एकच कडक नियम होता. भावाने बांधून बंद केलेलं इंजिन त्याला न विचारता उघडायचं नाही. "शंका आली तर तोंडाने विचारा, पान्याने नको."

बाप गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी, ऐन हंगामात, धाकट्याने एका ट्रॅक्टरचं इंजिन बांधलं. सकाळभर त्याची टकळी चालूच होती. एवढ्या बडबडीत एखादा बोल्ट ढिला राहिला असला तर? थोरल्याच्या मनात पाल चुकचुकली. धाकटा सामान आणायला बाजारात गेला तसं त्याने इंजिनाचं डोकं खोललं. आत सगळं जिथल्या तिथे. डोकं खोललं की सांध्यातलं गास्केट बदलावंच लागतं, म्हणून नवं घालून त्याने सगळं पूर्ववत बसवलं आणि काढलेलं भंगाराच्या डब्यात टाकलं.

संध्याकाळी धाकट्याच्या हाती ते काढलेलं गास्केट लागलं. सकाळीच त्याने स्वतः बसवलेलं, कोरं करकरीत.

"काय सापडलं, दादा?"

"बघून ठेवलेलं बरं असतं," थोरला म्हणाला.

आठ दिवसांत धाकट्याने वाटणी मागितली. शेडच्या मधोमध भिंत उठली. विक्री थोरल्याकडे, दुरुस्ती धाकट्याकडे.

"अहो, दोन शब्दांचं तर काम आहे. जाऊन बोलून टाका की," थोरल्याची बायको म्हणायची.

"जाईन गं."

असं जाईन जाईन करता नऊ वर्षं गेली. पलीकडची गर्दी ओसरत गेली. लोक म्हणत, "माणूस लाखाचा, पण मशीन घेतलं की सोडतच नाही." मग एक दिवस कळलं, धाकटा आपली बाजू विकून मुलीकडे राहायला चाललाय. थोरला तसाच उठून भिंतीपलीकडे गेला. धाकटा पाने पुसून पेटीत भरत होता.

"त्या इंजिनात काही खोट नव्हती रे. माझ्यापेक्षा चोख बांधलं होतंस."

धाकट्याचा हात थांबला. "तेव्हा का नाही बोललास?"

"थोरलेपण आडवं आलं."

"त्या दिवसापासून बंद केलेलं प्रत्येक इंजिन मी पुन्हा उघडलंय, दादा. कधी दोनदा, कधी तीनदा. गिऱ्हाईक बाहेर ताटकळायचं आणि मी आत आवळलेलेच बोल्ट आवळत बसायचो."

थोरल्याने पेटीतला एक पाना उचलून परत फळीवर ठेवला. "भिंत पाडू. परत ये. तू बांधलेल्याला मी बोटसुद्धा लावणार नाही."

"तू नाही लावणार. पण माझं मलाच खरं वाटत नाही ना आता."

दोघं बाहेर आले. धाकट्याने शटर ओढलं, कुलूप लावलं, हिसडा मारून पाहिलं. चार पावलं चालला, थबकला, माघारी येऊन पुन्हा हिसडा मारला.

"लागलंय रे," थोरला म्हणाला.

धाकट्याने मान डोलावली आणि तिसऱ्यांदा कुलपाला हात घातला.