दाराची फट

रहाटणीतल्या आमच्या सोसायटीत कुणाची नवी गाडी आली, की खालच्या मजल्यावरचे भाऊ हजर. चाकणच्या कंपनीत गाड्या तपासायची नोकरी, तीच खोड घरीही. गाडीचं दार लावायचे, आवाज ऐकायचे, फटीतून नख फिरवायचे आणि म्हणायचे, “फट जास्त हाय राव.” माझ्या गाडीचे पेढेही त्यांनी हे सांगूनच खाल्ले.

गेल्या वर्षी कंपनीने त्यांना दक्षिण आफ्रिकेला पाठवलं. परवा त्यांचा व्हिडिओ कॉल आला. तिथले इंपोर्टेड गाड्यांचे शौकीन रविवारी एका मैदानात जमतात, हे भाऊंनी बरोबर हुडकून काढलं होतं. जर्मन, जपानी गाड्या दाखवता दाखवता ते एका चकचकीत लाल गाडीपाशी थांबले.

“वळखली का? आपल्या चाकणची. हितं ही इंपोर्टेड हाय!”

मालक शेजारीच छाती काढून उभा. भाऊंनी दार लावलं, आवाज ऐकला, फटीतून नख फिरवलं. आता ह्या बिचाऱ्याचेही पेढे कडू होणार, असं मला वाटलं. पण भाऊंनी त्याच्याकडे बघून अंगठा उंचावला. “व्हेरी गुड!”

मग फोन तोंडाशी धरून मला हळूच म्हणाले, “फट जास्तच हाय. पर लेकीचं उणं तिच्या सासरी काढतं का कोण?”